केंद्राचे अर्थखाते : काम आणि माणसे

१९८५ सालच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट आहे. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि परीक्षा तोंडावर आली होती. एका सरकारी शिष्यवृत्तीवर माझी खाणावळ आणि वसतिगृहाची फी अवलंबून होती. मार्च संपला तरी पैसे आले नाहीत, म्हणून मी संबंधित कचेरीत चौकशीला गेलो. तेथल्या कारकुनांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले आणि सांगितले, “तुमचं बिल एकतीस तारखेला कोषागारातून आक्षेप लागून परत आलं. पैसा लॅप्स झाला. आता नव्या वर्षाची तरतूद येईल तेव्हा बघू.”

‘लॅप्स’ या शब्दाचा अर्थ मला त्या वेळी ठाऊक नव्हता. शिष्यवृत्ती मंजूर होती, यादीत माझे नाव होते, पैसाही आलेला होता. मग तो गेला कोठे? विचारायचे धैर्य झाले नाही. त्या उन्हाळ्यात आईच्या पाटल्या गावातल्या सराफाकडे गहाण पडल्या आणि वसतिगृहाची बाकी भागली. शिष्यवृत्ती दिवाळीनंतर मिळाली.

पुढे मी अर्थशास्त्र शिकविण्याचाच पेशा पत्करला. ‘सार्वजनिक आयव्यय’ हा विषय शिकविताना कर, कर्ज, तूट यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून देणे सोपे असते. परंतु हा सारा व्यवहार प्रत्यक्षात कोण करते, कोणत्या टेबलावर करते आणि चूक झाली तर कोणाला जाब विचारावयाचा, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. विद्यार्थ्यांना अर्थमंत्र्यांचे नाव माहीत असते. त्यांच्या मागे उभी असलेली माणसे माहीत नसतात. प्रस्तुत लेखात त्या माणसांविषयी आणि त्यांच्या कामाविषयी लिहावयाचे योजिले आहे.

प्रारंभ एका लहानशा वस्तूपासून करतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुनी एक रुपयाची नोट जपून ठेवलेली असेल तर ती काढून पाहावी. इतर नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते आणि धारकाला तितके रुपये अदा करण्याचे वचन छापलेले असते. रुपयाच्या नोटेवर वचनही नाही आणि गव्हर्नरांची सहीही नाही. ती नोट भारत सरकारची असून तिच्यावर सही असते अर्थसचिवांची. कायद्याच्या दृष्टीने ती नाण्याच्याच पंक्तीत बसते, आणि नाणी पाडण्याचा अधिकार सरकारचा आहे. १९९४ साली तिची छपाई थांबली होती, ती २०१५ साली पुन्हा सुरू झाली. डॉ. मनमोहनसिंग यांची सही दोन्ही प्रकारच्या नोटांवर सापडते : १९७६ ते १९८० या काळात अर्थखात्यात सचिव असताना रुपयाच्या नोटेवर, आणि १९८२ ते १९८५ या काळात गव्हर्नर असताना मोठ्या नोटांवर. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यांतील कामगार तर २००६ साली या कारखान्यांची कंपनी होईपर्यंत थेट या मंत्रालयाचेच नोकर होते. म्हणजे दिल्लीचे अर्थखाते आपण समजतो तितके दूर नाही.

या खात्याचा इतिहास सांगू लागल्यास वेगळा लेख होईल. एवढेच सांगतो की, १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी सावरण्यासाठी लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे संस्थापक जेम्स विल्सन यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. त्यांनी १८६० साली पहिला अर्थसंकल्प मांडला, प्राप्तिकर आणला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प २६ नोव्हेंबर १९४७ रोजी षण्मुखम् चेट्टी यांनी मांडला. तो साडेसात महिन्यांपुरता होता आणि त्यात खर्चाचा अंदाज सुमारे १९७ कोटी रुपयांचा होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हाच आकडा ५० लाख ६५ हजार कोटींच्या घरात गेला. त्यातील सुमारे पावणेतेरा लाख कोटी, म्हणजे रुपयातले चार आणे, केवळ जुन्या कर्जाच्या व्याजापोटी होते. महागाई, लोकसंख्या, सरकारने पत्करलेली नवी कामे हे सारे जमेस धरले तरी या दोन आकड्यांमधील अंतर विचार करावयास लावणारे आहे.

आता खात्याची रचना पाहू. आर्थिक व्यवहार, खर्च, महसूल, वित्तीय सेवा, सरकारी गुंतवणूक व मालमत्ता, आणि २०२१ पासून सार्वजनिक उपक्रम, असे सहा विभाग या मंत्रालयात आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र सचिव असतो आणि त्यांच्यापैकी ज्येष्ठ सचिवाला ‘अर्थसचिव’ म्हणून संबोधण्याचा प्रघात आहे. शेवटच्या दोन विभागांचे काम नावावरूनच कळते. वित्तीय सेवा विभागाकडे बँका व विमा येतो. महसूल विभागाकडे करवसुली आहे. त्याच्या हाताखाली दोन मंडळे काम करतात, एक प्रत्यक्ष करांचे आणि दुसरे अप्रत्यक्ष करांचे व सीमाशुल्काचे. १९६३ च्या कायद्याने ही दोन मंडळे वेगळी झाली; त्याआधी एकच महसूल मंडळ होते. माणसांच्या संख्येने पाहिले तर मंत्रालयाचा मोठा पसारा याच बाजूला आहे, कारण प्राप्तिकर कार्यालये आणि सीमाशुल्क नाकी देशभर पसरलेली आहेत. प्राप्तिकर खात्याचे नवे अधिकारी जेथे शिकून तयार होतात ती राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी नागपूरला आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यापासून महसूल सचिवांवर आणखी एक जबाबदारी आली आहे : केंद्र आणि सर्व राज्यांचे अर्थमंत्री ज्या परिषदेत एकत्र बसतात, तिचे सचिवपदही त्यांच्याकडेच असते.

आर्थिक व्यवहार विभाग हा अर्थसंकल्पाचा स्वयंपाकघर म्हणावयास हरकत नाही. साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्व मंत्रालयांना परिपत्रक जाते. चालू वर्षाचे सुधारित आणि पुढील वर्षाचे नवे अंदाज मागविले जातात. त्यानंतर प्रत्येक मंत्रालयाचे अधिकारी आपापले आकडे घेऊन खर्च सचिवांपुढे बसतात. मागणारे सगळे आणि देणारा एक, अशी ही बैठक असते. पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी पाच वाजता मांडला जाई. १९९९ साली ती वेळ सकाळी अकराची झाली, आणि २०१७ पासून दिवस १ फेब्रुवारी ठरला. याच वर्षी रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही संपला. हा बदल केवळ सोयीचा नव्हता. पूर्वी वर्षारंभी लेखानुदानावर दोन-तीन महिने काढावे लागत आणि खात्यांच्या हाती पूर्ण पैसा येईपर्यंत पावसाळा तोंडावर आलेला असे. नवी तारीख आल्याने मार्चअखेरपर्यंत संसदेची मंजुरी पूर्ण होऊ लागली.

गुप्ततेविषयी वर्तमानपत्रांत दरवर्षी रंगवून येते, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. १९५० साली काही भाग फुटला तेव्हा छपाई राष्ट्रपतिभवनातून मिंटो रोडच्या छापखान्यात गेली, १९८० नंतर ती नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात होऊ लागली, आणि २०२१ साली अर्थसंकल्प प्रथमच कागदाविना मांडला गेला. छपाईच्या आरंभी हलवा वाटतात आणि मग ती मंडळी भाषण होईपर्यंत घरी जात नाहीत. मला यात हलव्यापेक्षा त्या मंडळींचे कौतुक अधिक वाटते.

माझ्या मते या मंत्रालयाचा खरा आत्मा खर्च विभागात आहे. कर बसविणे हे मंत्र्यांचे राजकीय काम आहे. ‘नाही’ म्हणणे हे खात्याचे रोजचे काम आहे. नवी योजना असो, नवे पद असो, किंवा सरकारी नोकरांचे वेतनमान असो, ते या विभागाच्या नजरेखालून जाते. यासाठी एक मोठी सोय १९७५ च्या सुमारास करण्यात आली. प्रत्येक मंत्रालयात एक वित्तीय सल्लागार बसविण्यात आला. तो आपल्या मंत्रालयाच्या सचिवाला उत्तरदायी असतो आणि अर्थखात्यालाही. ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण या अधिकाऱ्याला पाहूनच रचली असावी असे कधी कधी वाटते. परंतु या पदामुळे प्रत्येक लहान फाइल अर्थखात्यापर्यंत धाडण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर १९७६ साली दुसरा महत्त्वाचा बदल झाला. तोपर्यंत महालेखापरीक्षकांची माणसे केंद्र सरकारचे हिशेब लिहीत आणि तीच ते तपासतही. त्या वर्षी केंद्राचे हिशेब लिहिण्याचे काम वेगळे काढून त्यासाठी स्वतंत्र नागरी लेखा सेवा निर्माण झाली. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एक नसावा, ही गोष्ट किराणा दुकानदारालाही कळते; सरकारला ती कळावयास इतका काळ लागला.

आता माझ्या ‘लॅप्स’कडे येतो. राज्यघटनेच्या २६६ व्या कलमाप्रमाणे सरकारचा सर्व महसूल एकत्रित निधीत जमा होतो, आणि कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज त्यातून एक पैसाही काढता येत नाही. ही मंजुरी एका आर्थिक वर्षापुरती असते. ३१ मार्चच्या मध्यरात्री न खर्चलेली मंजुरी संपते. पैसा कोठे जात नाही, तो निधीतच राहतो; संपतो तो खर्च करण्याचा अधिकार. राज्यांच्या विधिमंडळांनाही असाच नियम लागू आहे. मला हा नियम प्रथम समजला तेव्हा रागच आला होता. नंतर विचार करता लक्षात आले की, या नियमातच लोकप्रतिनिधींची खरी सत्ता आहे. सरकारला दरवर्षी सभागृहासमोर येऊन पैसे मागावे लागतात, कारण दरवर्षी त्याचा अधिकार संपतो. तो संपला नाही तर मागण्याचे कारणच राहणार नाही.

मग माझ्या बाबतीत चूक कोणाची? नियमाची नव्हे. माझे बिल फेब्रुवारीत तयार झाले असते आणि त्यातला आक्षेप आठ दिवसांत दूर झाला असता, तर पैसे मिळाले असते. ते कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिले आणि अखेरच्या दिवशी शेकडो बिलांच्या गर्दीत गेले. मार्चअखेरीच्या या धावपळीला आळा बसावा म्हणून केंद्राच्या अर्थखात्याने शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीपैकी ३३ टक्क्यांहून आणि मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये, असे बंधन घालून दिले होते. तेव्हा नियमापेक्षा माणूस महत्त्वाचा, हे मी त्या वर्षी पुस्तकाआधीच शिकलो होतो.

ही माणसे कोण असतात? मंत्रालयातील उतरंड अशी : मंत्री, राज्यमंत्री, सचिव, अपर सचिव, सहसचिव, संचालक किंवा उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे साहाय्यक. फाइल खालून वर चढते. साहाय्यक पहिली टिप्पणी लिहितो, जुने निर्णय शोधून काढतो, नियम उद्धृत करतो. वरचे अधिकारी बहुधा त्या टिप्पणीवरच आपले मत मांडतात. म्हणून पहिली टिप्पणी कोणी व कशी लिहिली, याला आपण समजतो त्यापेक्षा फार महत्त्व असते. अवर सचिव आणि त्याखालची मंडळी बहुतांशी केंद्रीय सचिवालय सेवेतील असतात आणि वर्षानुवर्षे दिल्लीतच काम करतात. उपसचिवापासून वरची पदे मुख्यतः प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांकडे जातात. ते राज्यांतून ठरावीक मुदतीसाठी येतात आणि परत जातात. त्यांच्या जोडीला महसूल सेवा, नागरी लेखा सेवा आणि १९६१ साली स्थापन झालेली भारतीय अर्थसेवा यांचे अधिकारी असतात. मुख्य आर्थिक सल्लागाराची जागा मात्र या उतरंडीच्या थोडी बाहेरची आहे. दरवर्षीची ‘आर्थिक पाहणी’ त्याच्या कार्यालयात तयार होते, आणि त्या जागेवर अनेकदा विद्यापीठांतून आलेले अर्थतज्ज्ञ बसले आहेत.

येथे एक जुना वाद आहे. काल जिल्हाधिकारी असलेला अधिकारी आज परकीय चलनाचे धोरण कसे सांभाळणार, असे अर्थशास्त्रज्ञ विचारतात. ज्याने दुष्काळात तगाई वाटली नाही त्याला तिजोरीतील पैशाचा अर्थ काय कळणार, असे प्रशासक उत्तर देतात. मी स्वतः अर्थशास्त्राचा शिक्षक असूनही या वादात पूर्णपणे आपल्या पंथाच्या बाजूने उभा राहू शकत नाही. चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. कुलाबा जिल्ह्यातील या विद्यार्थ्याने १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे ते आय. सी. एस. झाले, मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी नोकरी केली, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० ते १९५६ ते देशाचे अर्थमंत्री होते. ज्याने मराठीत ‘मेघदूता’चे भाषांतर केले त्याला चलनफुगवटा समजण्यात अडचण आली नाही. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, हे मराठी माणसाला सांगावयास नको. दुसऱ्या बाजूला मनमोहनसिंग हे व्यवसायाने अर्थशास्त्रज्ञ. ते १९७२ साली मुख्य आर्थिक सल्लागार झाले आणि पायरी पायरीने १९९१ मध्ये अर्थमंत्रिपदापर्यंत पोहोचले. तेव्हा पदवीपेक्षा, फाइलवरचा आकडा म्हणजे कोणाचे तरी पोट आहे हे जाणणे अधिक मोलाचे असावे.

जबाबदारीचा प्रश्न मात्र १९५८ साली कसोटीला लागला. आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. फिरोज गांधी यांनी लोकसभेत प्रश्न उपस्थित केला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांची एकसदस्य चौकशी बसली. ती मुंबईत उघडपणे झाली आणि लोकांनी तिला गर्दी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचे म्हणणे असे की, आपण या व्यवहाराला संमती दिली नव्हती. अर्थसचिव एच. एम. पटेल यांचे म्हणणे याच्या उलट होते. छगलांनी निष्कर्ष दिला की, सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची आहे; मंत्र्याला सचिवाच्या आड उभे राहता येणार नाही. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. पटेलही पुढे सेवेतून बाहेर पडले. यानंतरची हकीकत कादंबरीत शोभावी अशी आहे : कृष्णमाचारी १९६३ साली पुन्हा अर्थमंत्री झाले, आणि १९७७ साली मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री म्हणून आले ते हेच एच. एम. पटेल! सव्वा कोटीसाठी मंत्री आणि सचिव दोघेही गेले, हे आज विद्यार्थ्यांना सांगितले की ते हसतात. मला त्या हसण्याचे वाईट वाटते.

मराठी अर्थमंत्र्यांपैकी यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ या काळात होते. बांगलादेशचे युद्ध आणि १९७२ चा दुष्काळ दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. शंकरराव चव्हाणांचा काळ १९८८-८९ चा. त्यांच्यानंतर आलेले मधू दंडवते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९९० साली, सोने नियंत्रण कायदा रद्द झाला.

सोन्यावरून आठवले. १९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, तेव्हा सरकारने आधी २० टन आणि जुलैत ४७ टन सोने परदेशी बँकांकडे ठेवून कर्ज उभारले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र वाचून सहकारी संतापले होते. देशाची अब्रू गेली, असा एकंदर सूर होता. मी काही बोललो नाही. ज्या घरातले सोने सराफाकडे जाते त्या घरातल्या माणसाला अब्रूइतकीच दुसरीही एक गोष्ट कळते : पुढच्या महिन्याची बाकी भागते. सरकारने ४७ टनांवरील ते कर्ज त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत फेडले. आईच्या पाटल्या सोडवावयास आम्हाला तीन वर्षे लागली.

विद्यार्थ्यांनी मला अनेकदा विचारले आहे की, या मंत्रालयात जाण्याचा मार्ग कोणता. अर्थसेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची वेगळी परीक्षा असते आणि तिला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. साहाय्यक कक्ष अधिकारी किंवा प्राप्तिकर निरीक्षक यांसाठी कर्मचारी निवड आयोगाची पदवीधर परीक्षा आहे. तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते, कलाशाखेचीही. आमच्याकडची मुले पहिल्या परीक्षेचे नाव ऐकून दबतात आणि दुसरीला कमी लेखतात. दोन्ही चुकीचे आहे.

काही वर्षांपूर्वीचा आमचा एक विद्यार्थी दिल्लीत साहाय्यक कक्ष अधिकारी आहे. मागील दिवाळीत तो भेटावयास आला होता. मी त्याला मार्चमधल्या कामाविषयी विचारले. तो म्हणाला, “सर, शेवटच्या आठवड्यात रात्री दहा-अकरा वाजतात. पण विद्यार्थ्यांचे प्रस्ताव असतील तर मी ते जानेवारीतच वर पाठवतो.” का, असे मी विचारले. तेव्हा तो म्हणाला, “तुम्हीच तर वर्गात ती पाटल्यांची गोष्ट सांगितली होती.” मला ती गोष्ट त्याच्या वर्गात सांगितल्याचे आठवत नव्हते.